नेप्तीचा लिलाव आणि ढाक्याचा बाजार

७ डिसेंबर २०२३ या तारखेच्या एका अधिसूचनेने दुसऱ्या दिवसापासून ३१ मार्च २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद झाली. नगर जिल्ह्यात तेव्हा लाल कांद्याची काढणी ऐन भरात होती. बातमी बाजार समित्यांत पोचली तशी बोली खाली आली. कुठे लिलाव बंद पडले, कुठे रास्ता रोको झाला आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दर जवळपास निम्म्यावर आले. बांगलादेशात त्याच दोन दिवसांत नेमकं उलटं घडलं. ढाक्याच्या बाजारात कांदा किलोला २०० टाकांच्या वर गेला. दिल्लीतल्या एकाच कागदाने इकडे शेतकऱ्याचा भाव पाडला आणि तिकडे गृहिणीचा महिन्याचा हिशेब मोडला.

नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, या शहराचा परराष्ट्र धोरणाशी संबंध सांगायचा तर सहसा दोन जागांची नावं निघतात. पहिली भुईकोट किल्ल्याची. ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत पंडित नेहरू तिथे स्थानबद्ध होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी तिथेच लिहिलं आणि पुढे १९४७ ते १९६४ अशी सतरा वर्षं पंतप्रधानपदाबरोबर परराष्ट्र खातंही सांभाळलं. दुसरी जागा लष्कराची. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून नगरला आहे आणि इथल्या रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पाकिस्तानी पॅटनही बघायला मिळतो. नेत्याची दृष्टी आणि देशाचं बळ या दोन्ही गोष्टी धोरणाला लागतातच. पण मोठ्या, विकसनशील लोकशाही देशाचे हात शेजाऱ्यांशी वागताना नेमके कशाने बांधले जातात, हे समजून घ्यायचं असेल तर नगरजवळच्या नेप्तीच्या कांदा बाजारात जायला हवं.

गोणी, वक्कल आणि सीमेवरचा नाका

लासलगावकडे कांदा ट्रॅक्टरमधून मोकळा येतो, नगरकडे गोणीतून. नेप्तीत किंवा घोडेगावात आडत्याच्या गाळ्यापुढे गोण्यांची थप्पी लागते. एका शेतकऱ्याच्या एका प्रतीच्या मालाचं एक वक्कल. गोणी सोडून कांदा ओतला की व्यापारी रंग बघतो, आकार बघतो, पत्ती किती धरून आहे ते बोटाने चाचपतो. एक नंबर, दोन नंबर, गोल्टी, जोड, बदला अशी प्रतवारी होते आणि क्विंटलच्या दराने बोली लागते. काही मिनिटांत चार महिन्यांच्या मेहनतीचा निकाल.

ती बोली देताना व्यापारी समोरच्या गोणीपलीकडचंही बघत असतो. पश्चिम बंगालमधले पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली हे सीमेवरचे नाके चालू आहेत का? न्हावा शेवाहून दुबईला, कोलंबोला, मलेशियाला कंटेनर निघताहेत का? २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३०० लाख टन कांदा पिकला आणि २५ लाख २५ हजार टन निर्यात झाला. म्हणजे साधारण बारावा हिस्सा. पण घरोघरी लागणाऱ्या कांद्याचं प्रमाण भाव उतरले म्हणून दुप्पट होत नाही की चढले म्हणून निम्मं होत नाही. त्यामुळे बाजारात थोडा माल जास्त झाला तरी दर कोसळतो आणि थोडा कमी पडला तरी भडकतो. निर्यातीचा तो बारावा हिस्सा उरलेल्या अकरा हिश्शांचा भाव ठरवतो.

वेळापत्रकही महत्त्वाचं. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळी किंवा गावरान कांदा चाळीत भरून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत टिकवता येतो, अर्थात घट, सड आणि कोंब यांचा तोटा सोसून. पावसाळी लाल कांदा चाळीत टिकत नाही. काढला की महिन्याच्या आत विकावा लागतो. उन्हाळी माल संपत आलेला आणि परतीच्या पावसाने लाल कांदा भिजलेला, अशी वेळ आली की दर उसळतात. आणि नेमक्या त्याच महिन्यांत कुठल्या ना कुठल्या राज्याची निवडणूक असते. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्ली आणि राजस्थानात सत्ताबदल झाला त्या वेळी महागलेल्या कांद्याची चर्चा देशभर झाली. तेव्हापासून दिल्लीतल्या कुठल्याही सरकारला कांद्याचा भाव चढलेला सोसत नाही.

या भीतीला नुसती मतांची लालूच म्हणून उडवून लावणं अन्यायाचं होईल. २०१२ च्या आधारवर्षावरच्या किरकोळ महागाई निर्देशांकात खाद्यपदार्थांचा वाटा जवळपास ४६ टक्के होता. श्रीमंत देशांत अन्नावरचा खर्च उत्पन्नाच्या लहानशा भागात भागतो. आपल्याकडे मजुराच्या घरी भाजी-कांदा महागला की दूध बंद होतं किंवा शाळेची फी थकते. विकसनशील देशाच्या सरकारला याकडे पाठ फिरवता येत नाही आणि फिरवूही नये. परराष्ट्र धोरणावरचं पहिलं बंधन हे असं स्वयंपाकघरातून येतं.

दोन टेबलांवरचा करार

राज्यघटनेत शेती राज्यांच्या सूचीत आहे. परराष्ट्र व्यवहार आणि परदेशांशी व्यापार मात्र केंद्राच्या सूचीत. त्यामुळे कांदा पिकतो महाराष्ट्रात, पण तो सीमेपार जाणार की नाही हे १९९२ च्या विदेश व्यापार कायद्यानुसार दिल्लीत ठरतं. त्यासाठी संसदेत चर्चा लागत नाही, अधिसूचना पुरते. ग्राहक व्यवहार खात्याला महागाई दिसते, कृषी खात्याला पीक दिसतं, परराष्ट्र खात्याला शेजारी दिसतो. महागाईची घंटा वाजली की परराष्ट्र खात्याचा आवाज त्या गलबल्यात सगळ्यात बारीक होतो.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी १९८८ मध्ये याची एक मांडणी केली. प्रत्येक सरकार एकाच वेळी दोन टेबलांवर बोलणी करत असतं, एक परक्या देशाशी आणि दुसरं आपल्याच लोकांशी. पहिल्या टेबलावर दिलेला शब्द दुसऱ्यावर मान्य झाला नाही तर तो पाळता येत नाही. भारताच्या बाबतीत घरातल्या टेबलावर खाणारा आणि पिकवणारा समोरासमोर बसलेले असतात आणि दोघांच्याही हाती मत असतं.

तिसऱ्याच्या हाती मत नसतं. ढाक्याच्या गृहिणीला दिल्लीतलं सरकार पाडता येत नाही. म्हणून घाईच्या निर्णयात तिचा विचार होत नाही. पण शेजारीही उत्तर देतो. त्याचं उत्तर उशिरा येतं आणि ते निवडणुकीच्या निकालात दिसत नाही, बाजारात दिसतं.

बांगलादेशाने काय केलं

भारत आणि बांगलादेश यांची सीमा ४,०९६ किलोमीटर लांब आहे. भारतीय कांद्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत बांगलादेश वर्षानुवर्षं आघाडीवर राहिला. २९ सप्टेंबर २०१९ ला भारताने निर्यात अचानक बंद केली. त्यानंतर पाचच दिवसांनी, दिल्लीच्या भेटीवर असताना, बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी उद्योजकांच्या जाहीर बैठकीत हिंदीतून सांगितलं की आपण स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको असं बजावलं आहे आणि पुढच्या वेळी आधी कळवलंत तर बरं होईल. सभागृहात हशा पिकला. मागणी मात्र गंभीर होती. त्या वर्षी नोव्हेंबरात बांगलादेशाला विमानाने कांदा आणावा लागला.

वर्षभरात, १४ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा बंदी आली. सीमेवर ट्रकच्या रांगा लागल्या. ढाक्याने भारतीय उच्चायुक्तालयाला पत्र लिहून चिंता कळवली आणि धोरण बदलण्याआधी सूचना देण्याबाबत झालेल्या बोलण्याची आठवण करून दिली. मग अडकलेला काही माल सोडण्यात आला. सप्टेंबर २०२२ च्या संयुक्त निवेदनात बांगलादेशाने तांदूळ, गहू, साखर, कांदा, आलं, लसूण यांचा पुरवठा भरवशाने व्हावा अशी विनंती पुन्हा केली. भारताने उपलब्धतेनुसार विचार करण्याचं मान्य केलं. पुढच्याच वर्षी, १९ ऑगस्ट २०२३ ला, ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं आणि डिसेंबरात पूर्ण बंदी.

त्या बंदीच्या कागदात एक खिडकी होती. दुसऱ्या देशाच्या सरकारने विनंती केली तर केंद्र परवानगी देऊ शकेल, अशी. मार्च २०२४ च्या सुरुवातीला, रमजानच्या तोंडावर, बांगलादेशासाठी ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी १४,४०० टनांना मान्यता मिळाली. हा माल खुल्या बाजारातले निर्यातदार पाठवणार नव्हते, राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्था पाठवणार होती. एप्रिलअखेर केंद्राने सहा देशांसाठी मिळून ९९,१५० टनांचा आकडा जाहीर केला. मुत्सद्देगिरीच्या नजरेने ही चांगली सोय होती. नगरच्या शेतकऱ्याच्या नजरेने बघा. परदेशात चढा भाव असताना त्याचा कांदा बंदीने पडलेल्या दराने खरेदी होत होता आणि मैत्रीचा खर्च त्याच्या खिशातून जात होता. त्यातच गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला वेगळी परवानगी मिळाली आणि संताप वाढला.

४ मे २०२४ ला बंदी उठली. नगर आणि शिर्डी या मतदारसंघांत मतदान होतं १३ मे रोजी. बंदीच्या जागी ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क होतंच. जूनमध्ये निकाल लागले तेव्हा जिल्ह्यातल्या दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या. निवडणुकीत इतरही मुद्दे होते, पण कांद्याचा राग गावागावांत बोलला जात होता. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला तेही शून्य झालं. शेतकऱ्याच्या मताने आपलं काम केलं होतं.

पण तोवर शेजाऱ्यानेही आपलं उत्तर तयार केलं होतं. वारंवार पोळल्यावर बांगलादेशाने स्वतःची लागवड वाढवली आणि पाकिस्तान, चीन, इजिप्त, म्यानमार इथून माल आणायच्या वाटा पक्क्या केल्या. मध्यंतरी ऑगस्ट २०२४ मध्ये हसीनांची सत्ता गेली आणि दोन्ही देशांत व्यापारी निर्बंधांची देवाणघेवाण सुरू झाली. २०२५ मध्ये बराच काळ ढाक्याने आपल्या शेतकऱ्यांसाठी आयात परवाने रोखून धरले. शुल्क शून्य झालं होतं, नाके तिथेच होते, पण गिऱ्हाईक पूर्वीसारखं उभं नव्हतं. २०२२-२३ मधली २५ लाख टनांची निर्यात २०२३-२४ मध्ये १७ लाख टनांवर आली आणि २०२४-२५ मध्ये आणखी खाली गेली.

ढाक्याचं वागणंही समजण्यासारखं आहे. तिथेही शेतकरी आहे. मार्च-एप्रिलमध्ये त्याचा कांदा निघतो आणि तेव्हा भारतीय कांदा आला तर तो मरतो. तिथलं सरकारही दोन टेबलांवर बसलेलं आहे.

पुणतांबा, प्रवरानगर आणि जिनिव्हा

घरातलं बंधन नेहमी ग्राहकाकडूनच येतं असं नाही. राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून १ जून २०१७ चा शेतकरी संप उभा राहिला. दूध आणि भाजीपाला शहरांकडे जाणं थांबलं आणि राज्य सरकारला कर्जमाफीच्या चर्चेला बसावं लागलं. दोन-चार संकरित गायींवर घर चालवणारी हजारो कुटुंबं या जिल्ह्यात आहेत. त्यांच्या दुधाचा दर भुकटी आणि लोण्याच्या भावाशी बांधलेला असतो. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने आशिया-प्रशांत भागातल्या मोठ्या व्यापार करारातून, आरसेपमधून, अंग काढून घेतलं. त्यामागे चिनी मालाच्या भीतीबरोबर न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या दुग्धपदार्थांची भीतीही होती. पुढे ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये आणि ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झाले, तेव्हा दुग्धपदार्थ बाजूलाच ठेवले गेले. इथे गोठ्यातल्या माणसाचा आवाज वाटाघाटीच्या खोलीपर्यंत पोचला. त्याची किंमतही आहे. पूर्व आशियाच्या सगळ्यात मोठ्या व्यापारगटाबाहेर आपण राहिलो. पण ही किंमत विचार करून, उघडपणे मोजलेली आहे.

साखरेची गोष्ट आणखी वेगळी. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि जिल्हा उसाचा झाला. उसाला केंद्र सरकार रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, ठरवून देतं. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली की हा दर आणि निर्यातीला दिलेली मदत नियमांबाहेर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातल्या समितीने भारताविरुद्ध निकाल दिला. विकसनशील देशाला उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत आधार देता येतो आणि भारताने ती मर्यादा सलग पाच हंगाम ओलांडली, असं समितीचं म्हणणं. भारताने अपील केलं. पण अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे अपील ऐकणारं मंडळच २०१९ च्या अखेरीपासून बंद आहे, त्यामुळे प्रकरण लटकलं. इकडे २०२१-२२ मध्ये सुमारे ११० लाख टन साखर निर्यात करणाऱ्या भारताने २०२३-२४ मध्ये दार जवळपास लावूनच घेतलं.

हे बंधन एकट्या कांद्याचं नाही

राज्यांचा दाब परराष्ट्र धोरणावर याआधीही आला आहे. सप्टेंबर २०११ मध्ये डॉ. मनमोहन सिंग तीस्ता पाणीवाटपाचा करार घेऊन ढाक्याला निघाले असताना पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी साथ द्यायला नकार दिला. तो करार आजही झालेला नाही. २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या भावनांमुळे पंतप्रधानांनी कोलंबोची राष्ट्रकुल परिषद टाळली. बांगलादेशाशी सीमेवरच्या छिटमहालांच्या, म्हणजे परक्या हद्दीने वेढलेल्या भूभागांच्या, अदलाबदलीचा करार १९७४ मध्ये झाला, पण त्यासाठी लागणारी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर व्हायला २०१५ उजाडलं. एकेचाळीस वर्षं लागली. तरीही जेव्हा ती झाली तेव्हा संसदेत एकमताने झाली आणि म्हणूनच टिकली. लोकशाहीत निर्णय उशिरा होतो, पण घरच्या टेबलावर पटलेला निर्णय पुढचं सरकार सहसा फिरवत नाही.

आकाराचंही ओझं आहे. दक्षिण आशियातल्या बहुतेक देशांना भारताची सीमा लागते, त्यांना एकमेकांची सहसा लागत नाही. आपल्याकडचा छोटासा निर्णय त्यांच्याकडे मोठं संकट होतो. आपल्या १४० कोटींच्या बाजारातली किरकोळ तूट भरून काढायला लावलेली बंदी काठमांडू आणि कोलंबोतला कांदा महाग करते आणि तिथल्या राजकारणात भारताविरुद्ध बोलणाऱ्याला आयता मुद्दा मिळतो.

नियम आधी, बंदी शेवटी

यातून बाहेर पडायची वाट आपल्याच फायलींत आहे. मालदीवशी १९८१ पासून एक व्यापार करार आहे. त्यात जीवनावश्यक वस्तूंचे वार्षिक कोटे ठरतात आणि इथे बंदी असली तरी ते पाळले जातात. एप्रिल २०२४ मध्ये मालदीवच्या नव्या सरकारशी संबंध ताणलेले होते आणि इकडे कांदा बंदीत होता, तरी भारताने त्या देशासाठी ३५ हजार टनांहून अधिक कांदा आणि ६४ हजार टनांहून अधिक साखर मंजूर केली. मालदीव लहान आहे, हे खरं. पण बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान यांच्यासाठीही दरवर्षी किमान कोटा आधीच लिहून देता येईल. आणि तो माल बंदीने पडलेल्या भावात उचलायचा नाही, निर्यातीच्या भावाशी बांधलेल्या दराने शेतकऱ्याकडून घ्यायचा.

दुसरं, बंदीच्या जागी पायऱ्या. किरकोळ भाव अमुक पातळीच्या वर गेला तर इतकं शुल्क, त्याच्याही वर गेला तर इतकं, हे हंगामाच्या आधी जाहीर करावं. नाक्यावर पोचलेला ट्रक आणि बंदरात पोचलेला कंटेनर कुठल्याही बदलातून वगळावा. तिसरं, सरकारी साठ्याची खरेदी एप्रिल-मेमध्ये, भाव पडलेले असताना, बाजार समितीतून आणि वेळेवर पैसे देऊन व्हावी. २०२३ मध्ये केंद्राने साठ्याचं उद्दिष्ट ५ लाख टनांवर नेलं. हा साठा नीट भरला आणि सडू दिला नाही, तर ऑक्टोबरात शहराला कांदा मिळेल आणि निर्यातही थांबवावी लागणार नाही.

अशा नियमांनी कोणाचाच संपूर्ण फायदा होणार नाही. ग्राहकाला कधी थोडा महाग कांदा खावा लागेल, शेतकऱ्याला तेजीच्या काळात थोडं शुल्क सोसावं लागेल, शेजाऱ्याला ठरल्यापेक्षा जास्त मागता येणार नाही. पण तिघांनाही आपला हिशेब आधी मांडता येईल. आज बंदी आली की नेप्तीचा शेतकरी आणि ढाक्याची गृहिणी एकाच वेळी मार खातात. त्यांचं हित एकमेकांविरुद्ध आहे असं आपल्याला उगीच वाटत आलं. पुढच्या निवडणुकीत गावात मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला कांद्याचा भाव किती देणार हे विचारूच. त्याबरोबर निर्यात कुठल्या नियमाने चालू राहील आणि कुठल्या नियमाने थांबेल, हेही लेखी मागायला हवं. शेजारी देश भारताकडे हेच मागत आले आहेत.